टीव्ही जुना, उपकरणे नवी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुन्या टीव्हीला नवी उपकरणे कशी जोडावीत, याविषयीची पत्रे इतकी आली आहेत की या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील आहेत. लांबलेली पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत. बिघडलेल्या टीव्हीच्या दुरुस्तीविषयीचे प्रश्न मात्र बाजूला ठेवले आहेत, कारण संच न पाहता त्याची दुरुस्ती सुचवणे योग्य नव्हे.

प्रश्न : आमच्याकडे पिक्चर ट्यूबचा २९ इंची टीव्ही आहे. चित्र अजून उत्तम येते, त्यामुळे तो काढून टाकावासा वाटत नाही. त्याला केबलचा सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर, मुलाने पाठवलेली स्ट्रीमिंगची स्टिक आणि नातवाचा गेम कन्सोल अशी चार उपकरणे जोडायची आहेत. टीव्हीच्या मागे पिवळ्या-पांढऱ्या-लाल सॉकेटच्या दोन ओळी आहेत आणि समोर झडपेखाली एक आहे. एका बाजूला एचडीएमआय आणि दुसऱ्या बाजूला तीन पिना अशी वायर बाजारातून आणून स्टिक जोडली, पण पडदा काळाच राहिला. टीव्ही खराब आहे की स्टिक?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : दोन्ही चांगले असावेत, दोष त्या वायरीत आहे. एचडीएमआयमधून चित्र आकड्यांच्या स्वरूपात, म्हणजे डिजिटल रूपात येते, तर आपल्या टीव्हीची पिवळी पिन विजेच्या सतत बदलणाऱ्या दाबाच्या, म्हणजे ॲनालॉग रूपातील चित्राची अपेक्षा करते. एका रूपातून दुसऱ्या रूपात नेण्याचे काम इलेक्ट्रॉनिक सर्किटचे आहे, नुसत्या तांब्याच्या तारेचे नाही. अशा वायरी बाजारात सर्रास विकल्या जातात आणि उपकरणातच पिवळ्या पिनेचा सिग्नल बाहेर काढण्याची सोय असल्याखेरीज त्यांचा काहीही उपयोग होत नाही. आपल्या स्टिकमध्ये तशी सोय नसते. वायर परत घेतली जात असेल तर अवश्य परत करावी.

आपल्याला हवा आहे तो एचडीएमआयचे एव्ही, म्हणजे त्या तीन रंगीत पिनांचा सिग्नल, करणारा कन्व्हर्टर. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असा हा डबा असतो आणि त्याला चालायला ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. मोबाइलचा साधा चार्जर त्यासाठी पुरतो. घेताना एक खबरदारी घ्यावी. अगदी असाच दिसणारा, पण एव्हीचे एचडीएमआय करणारा उलटा डबाही त्याच काउंटरवर असतो, आणि घाईत दुकानदार व गिऱ्हाईक दोघेही फसतात. डब्यावरचे मोठे नाव वाचून थांबू नये. एचडीएमआयच्या सॉकेटशेजारी ‘इनपुट’ आणि तीन रंगीत सॉकेटशेजारी ‘आउटपुट’ असे छापलेले आहे ना, ते पाहावे.

आता टीव्हीच्या मागची बाजू पाहू. दोन ओळींपैकी एक ओळ बहुधा आउटपुटची असते. टीव्हीवर दिसणारे चित्र पूर्वी व्हीसीआरमध्ये रेकॉर्ड करता यावे, किंवा आवाज टेपच्या ॲम्प्लिफायरला देता यावा, म्हणून ती दिलेली असे. तिच्यात काहीही जोडले तरी पडद्यावर काही उमटणार नाही. म्हणजे हिशेबाला मागची एक आणि समोरची एक अशा दोन जागा उरतात. त्या खरोखर स्वतंत्र आहेत का, हेही तपासावे. काही संचांत समोरची आणि मागची ओळ आतून एकमेकींना जोडलेली असते. रिमोटवरचे बटण दाबल्यावर एव्ही-१ आणि एव्ही-२ असे दोन वेगळे पर्याय येत नसतील, तर जागा एकच आहे असे समजावे. अशा संचात दोन्हीकडे एकाच वेळी सिग्नल दिला तर एका चित्रावर दुसऱ्याची सावली पडते.

चार उपकरणांची मांडणी मी अशी करीन. सेट-टॉप बॉक्स आणि डीव्हीडी प्लेअर यांना स्वतःचे एव्ही आउटपुट असतेच. त्यांना एचडीएमआयच्या वाटेने नेण्याचे कारण नाही. ती दोन्ही एका साध्या एव्ही सिलेक्टरला, म्हणजे बटणे असलेल्या तीन-चार ओळींच्या डब्याला जोडावीत आणि त्याची एक वायर टीव्हीच्या मागे द्यावी. या डब्याला वीज लागत नाही. स्टिक आणि कन्सोल यांना मात्र फक्त एचडीएमआय असल्याने ती दोन्ही प्रथम एचडीएमआय स्विचला जोडावीत, स्विचमधून एक वायर कन्व्हर्टरला आणि कन्व्हर्टरमधून तीन पिना टीव्हीच्या समोरच्या ओळीत द्याव्यात. आपल्या टीव्हीत जागा एकच निघाली, तर कन्व्हर्टरच्या पिनाही सिलेक्टरच्या तिसऱ्या ओळीत घालाव्यात.

प्रत्येक उपकरणाला वेगळा कन्व्हर्टर घेण्याचा सल्ला काही जण देतात. त्याने खर्च वाढतो, चार्जर वाढतात, आणि हलक्या प्रतीच्या दोन कन्व्हर्टरचा उजेड व आवाज सारखा नसल्याने उपकरण बदलले की टीव्हीची सेटिंग बदलत बसावी लागते. त्याहून वाईट म्हणजे, सगळे एका स्विचला जोडता यावे म्हणून डीव्हीडीचे एव्ही आधी एचडीएमआय करून नंतर पुन्हा एव्ही करणे. रूपांतर एकदाच व्हावे, आणि ज्यांना ते लागत नाही त्यांच्या वाटेला ते येऊ नये.

यामागचे कारण पिवळ्या पिनेतच आहे. त्या एका तारेतून चित्राचा उजेड आणि रंग दोन्ही एकत्र येतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीत रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवून उजेडाच्या सिग्नलमध्ये मिसळलेली असते आणि टीव्हीला ती पुन्हा वेगळी काढावी लागते. ही निवड नेहमीच अचूक होत नाही. बातम्या देणाऱ्याने बारीक चौकडीचा शर्ट किंवा बारीक रेघांचा कोट घातला असेल, तर त्यावर लाल-निळ्या लहरी सरकताना दिसतात. कापडाची ती बारीक नक्षी टीव्हीला रंगाची लहर वाटते, म्हणून हे होते. एकदा मिसळलेले पुन्हा मिसळायचे म्हणजे या चुका दुप्पट करायच्या. आपल्या टीव्हीच्या मागे चार बारीक छिद्रांचे गोल एस-व्हिडिओचे सॉकेट असेल आणि डीव्हीडी प्लेअरलाही तसेच असेल, तर ती वायर जरूर वापरावी. तिच्यात उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांनी येतात. आवाजाच्या पांढऱ्या-लाल पिना तेव्हाही लावाव्याच लागतात.

कन्व्हर्टरवर एक बारीक सरकता खटका असतो, एका बाजूला ‘पाल’ आणि दुसऱ्या बाजूला ‘एनटीएससी’ असा. तो पालवर ठेवावा. पालमध्ये ६२५ रेषा असतात व त्यांपैकी ५७६ रेषांमध्ये चित्र असते. एनटीएससीमध्ये एकूण ५२५ रेषा. खटका चुकला तर चित्र काळे-पांढरे येते किंवा वर-खाली पळत राहते, आणि माणूस उगाच टीव्हीला दोष देतो.

पहिल्यांदा चित्र आले की माणसे उंच आणि सडपातळ दिसतील. नव्या उपकरणांचे चित्र १६:९ आकाराचे असते आणि कन्व्हर्टर ते जसेच्या तसे आपल्या ४:३ पडद्यावर बसवतो, म्हणून ते दोन्ही बाजूंनी दाबले जाते. टीव्हीच्या मेनूत ‘१६:९’ असा पर्याय असेल तर तो निवडावा. वर-खाली काळे पट्टे येतील, पण चेहरे योग्य दिसतील. सेट-टॉप बॉक्स आणि डीव्हीडी प्लेअरमध्ये ही सोय त्यांच्याच मेनूत ‘४:३ लेटरबॉक्स’ या नावाने असते. पिक्चर ट्यूबचा टीव्ही चित्राच्या कडाही थोड्या झाकतो, त्यामुळे स्टिकच्या मेनूची टोके कापलेली दिसल्यास स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन चित्र आत ओढून घ्यावे.

स्टिकला वीज तिच्याबरोबर आलेल्या अडॅप्टरनेच द्यावी. साध्या यूएसबी सॉकेटमधून ०.५ अँपिअर इतकाच प्रवाह अपेक्षित असतो आणि स्टिकला सामान्यतः १ अँपिअर लागतो. तो कमी पडला की ती मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू होते. सुरू करताना आधी टीव्ही आणि कन्व्हर्टर, मग स्विच आणि शेवटी स्टिक किंवा कन्सोल असा क्रम ठेवावा. एचडीएमआयचे उपकरण सुरू होताना समोर कोण आहे आणि त्याला कोणते चित्र झेपते हे विचारून घेते. समोरचा तेव्हा बंद असेल तर पडदा काळा राहतो. स्विचचे बटण दाबल्यावर चित्र यायला दोन-तीन सेकंद लागतात तेही याच विचारपुशीमुळे, म्हणून लगेच बटणे दाबत सुटू नये.

एवढे करूनही एक गोष्ट साधणार नाही. ५७६ रेषांमध्ये चित्रपट, कीर्तन, खासबागेतल्या कुस्तीचे चित्रण, सगळे समाधानाने पाहता येते. पण स्टिकच्या मेनूतील बारीक अक्षरे आणि आधुनिक गेममधील सूचना वाचता येत नाहीत. नातवाला कन्सोल मनापासून खेळायचा असेल, तर त्याच्यासाठी वेगळा पडदा पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : सेट-टॉप बॉक्सची मूळ वायर हरवली. एका टोकाला हेडफोनसारखी पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना अशीच दिसणारी नवी आणली, तर चित्र येत नाही आणि स्पीकरमधून घरघर येते.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : त्या हेडफोनसारख्या पिनेवर तीन काळ्या कड्या आणि त्यांमुळे पडलेले चार भाग असतात. कोणत्या भागावर चित्र, कोणत्यावर आवाज आणि कोणत्यावर ‘अर्थ’ची (ग्राउंडची) जोडणी द्यायची हे सगळ्या कंपन्यांनी सारखे ठेवलेले नाही. घरघर ऐकू येते ती चित्राचा सिग्नल आवाजाच्या सॉकेटमध्ये जात असल्यामुळे. म्हणून टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटमध्ये आधी लाल आणि मग पांढरी पिन घालून पाहावी. तिघींपैकी एकीवर चित्र आले तर वायर चालू शकते, रंगांकडे दुर्लक्ष करावे. कशावरही नीट चित्र आले नाही तर अर्थचीच जागा वेगळी आहे, आणि मग बॉक्स बरोबर घेऊन जाऊन, दुकानात लावून पाहूनच वायर घ्यावी.

प्रश्न : आमचा ३२ इंची एलसीडी टीव्ही ‘एचडी रेडी’ आहे, पण त्याला एचडीएमआयचे सॉकेट एकच आहे. सेट-टॉप बॉक्स, स्टिक, लॅपटॉप आणि डीव्हीडी प्लेअर असे सगळे वापरायचे असते. आपोआप बदलणारा तीन सॉकेटचा स्विच आणला, तर तो पुन्हा पुन्हा सेट-टॉप बॉक्सवरच जातो.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आपोआप बदलणारा स्विच कोणत्या सॉकेटवर उपकरणाचा विद्युतदाब आहे ते पाहतो. रिमोटने बंद केलेला सेट-टॉप बॉक्स खऱ्या अर्थाने बंद नसतो. तो एचडीएमआयच्या तारेवर आपला दाब तसाच ठेवतो, आणि स्विचला तो चालूच आहे असे वाटते. एक तर बॉक्स बोर्डावरून बंद करावा, किंवा बटण व रिमोट असलेला, स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा स्विच घ्यावा. मी दुसरा पर्याय सुचवीन, कारण बोर्डावरून बंद केलेला बॉक्स पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ घेतो आणि घरातली ज्येष्ठ मंडळी त्यावर वैतागतात.

खरे तर आपल्याला स्विचवर चार उपकरणे चढवण्याची गरजच नाही. त्या काळच्या टीव्हीला एचडीएमआय एक असले तरी इतर सॉकेट भरपूर असत. लॅपटॉप जुना असेल तर निळ्या, पंधरा पिनांच्या व्हीजीए वायरीने जोडावा आणि आवाजासाठी हेडफोनच्या सॉकेटमधून वेगळी वायर द्यावी. डीव्हीडी प्लेअर हिरव्या-निळ्या-लाल कंपोनंट सॉकेटना जोडावा. त्याचे चित्र पिवळ्या पिनेपेक्षा निश्चित चांगले दिसते. येथे एकच घोटाळा होतो. कंपोनंट आणि आवाज मिळून पाच पिना होतात आणि त्यांत दोन लाल असतात, एक चित्राची आणि एक उजव्या बाजूच्या आवाजाची. त्यांची अदलाबदल झाली तर रंग बिघडतात आणि एका स्पीकरमधून घरघर येते. चित्र काळे-पांढरे आले तर टीव्ही हिरव्या सॉकेटला पिवळे समजत आहे. अनेक टीव्हींत ते सॉकेट दोघांत मिळून एकच असते. अशा वेळी सोर्सच्या यादीत ‘एव्ही’ऐवजी ‘कंपोनंट’ निवडावे.

चित्र येते पण आवाज येत नाही, अशीही तक्रार आपण पुढे लिहिली आहे. उपकरणाच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘डॉल्बी’ निवडलेले असेल तर ते ‘पीसीएम’ करावे. जुन्या टीव्हीला, आणि स्वस्त कन्व्हर्टरलाही, हाच साधा डिजिटल आवाज समजतो.

प्रश्न : फुटबॉलच्या सामन्यांसाठी आमच्या तालमीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावतो. बाहेर कट्ट्यावर बसणाऱ्यांसाठी तालमीचा जुना ट्यूबचा टीव्ही ठेवायचा आहे. बॉक्स एकच आहे. स्विच घेतला, पण चित्र एका वेळी एकाच ठिकाणी येते.
— तालमीचे एक कार्यकर्ते, मंगळवार पेठ

उत्तर : स्विच अनेक उपकरणांतून एक निवडतो, एका उपकरणाचे चित्र अनेक पडद्यांवर पाठवणारा तो स्प्लिटर. दोन्ही डबे दिसायला सारखेच असतात, म्हणून सॉकेट मोजावेत. स्प्लिटरला एक इनपुट आणि दोन किंवा अधिक आउटपुट असतात.

पण स्प्लिटर विकत घेण्याआधी एक साधी गोष्ट करून पाहावी. अनेक सेट-टॉप बॉक्सचे एचडीएमआय आणि एव्ही ही दोन्ही आउटपुट एकाच वेळी चालू असतात. बॉक्समधून एचडीएमआय प्रोजेक्टरला द्यावे आणि एव्हीच्या पिनांतून बाहेरच्या टीव्हीला चित्र जाते का ते पाहावे. तसे झाले तर स्प्लिटरही नको आणि कन्व्हर्टरही नको. झाले नाही, तर स्प्लिटर घेऊन त्याचे एक आउटपुट प्रोजेक्टरला आणि दुसरे कन्व्हर्टरमार्फत टीव्हीला द्यावे, आणि बॉक्सच्या मेनूत रिझोल्यूशन ‘ऑटो’ न ठेवता ७२०पी करावे. ऑटोवर ठेवलेला बॉक्स दोन वेगळ्या क्षमतांच्या पडद्यांमध्ये गोंधळतो.

कट्टा हॉलपासून पंधरा-वीस मीटर असेल, तर कन्व्हर्टर टीव्हीपाशी नव्हे, बॉक्सपाशी ठेवावा. साधी एचडीएमआय केबल पाच मीटरपर्यंत विश्वासाने चालते, दहाच्या पुढे चित्र तुटू लागते. याउलट पिवळ्या पिनेचा सिग्नल केबल टीव्हीसाठी वापरतात त्या ७५ ओहमच्या जाड वायरीतून एवढे अंतर सहज जातो. तिच्या दोन्ही टोकांना पिना बसवून घ्याव्यात. आवाजासाठी दुसरी तशीच वायर ओढावी; कट्ट्यावर स्टिरिओची गरज नाही. प्रोजेक्टर चित्रावर प्रक्रिया करण्यात थोडा वेळ घेतो आणि ट्यूबचा टीव्ही घेत नाही, त्यामुळे गोल बाहेर किंचित आधी दिसू शकतो. आवाज एकाच ठिकाणचा मोठा ठेवावा, नाहीतर हॉलमध्ये समालोचन दुहेरी ऐकू येईल.

प्रश्न : वायर लावताना पिनेच्या धातूला बोट लागले की झिणझिण्या येतात. टीव्हीच्या पडद्यावर आडवे पट्टेही हळूहळू वर सरकतात. घर जुने आहे.
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : जुन्या वाड्यांत दोन पिनांचे बोर्ड असतात आणि अर्थिंग एक तर नसते किंवा असून नसल्यासारखे असते. हल्लीच्या अडॅप्टरमधून अगदी थोडा प्रवाह बाहेरच्या धातूवर झिरपतो. त्याला जमिनीत जायला वाट मिळाली नाही की तो आपल्या बोटातून वाट शोधतो. नुसत्या झिणझिण्या सहसा धोक्याच्या नसतात, पण झटका जोराचा असेल तर उपकरणातच दोष असू शकतो, म्हणून दुर्लक्ष करू नये. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि कोणतीही पिन लावताना-काढताना सगळी उपकरणे बोर्डावरून बंद ठेवावीत.

सरकणारे पट्टे याच कारणाने येऊ शकतात. केबलवाल्याची गल्लीतून आलेली तार आणि घरातले अर्थिंग यांच्या दाबात फरक असला की तो चित्रात उमटतो. खात्रीसाठी बॉक्सला येणारी केबलची तार काढून फक्त डीव्हीडी लावून पाहावी. पट्टे गेले तर दोष त्या तारेच्या बाजूचा आहे आणि केबलवाल्याला तसे सांगता येईल. सगळी उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतल्यानेही पुष्कळदा फरक पडतो.

वळवाच्या दिवसांत आणखी एक काळजी घ्यावी. विजा चमकू लागल्या की आपण प्लग काढतो, पण छपरांवरून आलेली केबलची तार तशीच राहते. तिच्यातून आलेला झटका बॉक्समधून एचडीएमआयच्या वायरीने स्विच, कन्व्हर्टर आणि टीव्हीपर्यंत पोचतो. तारही काढून ठेवावी. टीव्हीचे मागचे झाकण मात्र कोणत्याही कारणाने स्वतः उघडू नये. पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो.

प्रश्न : उलट प्रश्न आहे. टीव्ही नवा आहे, त्याला एव्ही सॉकेट नाही, आणि लग्नाची व्हीएचएस कॅसेट पाहायची आहे. व्हीसीआर चालू स्थितीत आहे.
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : वर ज्या उलट्या डब्यापासून सावध राहायला सांगितले, तोच आपल्याला हवा आहे, म्हणजे एव्हीचे एचडीएमआय करणारा. व्हीसीआरच्या ‘आउटपुट’ सॉकेटमधून पिना त्याला द्याव्यात. बहुतेक घरगुती व्हीसीआर एकाच आवाजाचे असल्याने पांढरी पिन पुरेशी असते. चित्र आडवे ताणलेले दिसल्यास टीव्हीच्या रिमोटवर ४:३ निवडावे. कॅसेट पाहताच आहात तर त्याच वेळी संगणकात उतरवून घ्यावी. त्यासाठी यूएसबीला लागणारे छोटे कॅप्चर उपकरण मिळते.

मात्र लावण्याआधी कॅसेटची झडप उचलून आणि खिडकीतून रिळांच्या कडा उजेडात पाहाव्यात. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात कपाटात राहिलेल्या कॅसेटवर पांढरी बुरशी धरते. तशी ती दिसली तर कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नये, कारण बुरशी त्याच्या हेडला चिकटते आणि नंतर लावलेल्या चांगल्या कॅसेटलाही लागते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवून, हे काम करणाऱ्या व्यक्तीकडून आधी साफ करून घ्यावी. व्हीसीआर तोवर चांगल्या कॅसेटवर चालवून पाहायला हरकत नाही.